सेविया: पाच रात्री, मी आणि आई, बजेट सत्तर हजार. जमेल का?

अर्धा_चहा | ९ डिसेंबर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर माद्रिदला जायचंय. शुक्रवारी काम संपतं. माझं तिकीट ऑफिसचं आहे, म्हणून म्हटलं आईलाही बोलावून घ्यावं आणि पुढचे पाच दिवस दोघींनी सेवियात काढावेत. सेविया म्हणजे आपण इंग्रजी वळणाने सेव्हिल म्हणतो ते, स्पेनच्या दक्षिणेचं, अंदालुसियाचं.

आई ६८ वर्षांची. डावा गुडघा कुरकुरतो. मांस, मासे, अंडं काही खात नाही. उत्साह मात्र माझ्या दुप्पट.

विमान आणि व्हिसा सोडून दोघींचे मिळून सत्तर हजार बाजूला काढलेत. युरो नव्वदीत धरला तर साधारण साडेसातशे युरो. जमेल का? आणि आमचे एक ओळखीचे टूरवाले म्हणतात की एका गावात पाच दिवस म्हणजे वेडेपणा, त्यात बार्सेलोना आणि ग्रानादा बसवा. तुमचं काय मत?

भटकभवानी | ९ डिसेंबर

टूरवाले बरोबर बोलतायत. स्पेनला जाऊन बार्सेलोना न बघता परत येणार? लोक काय म्हणतील ते सोडा, स्वतःलाच चुटपुट लागेल. दोन रात्री बार्सेलोना, एक ग्रानादा, दोन सेविया. आम्ही तसंच केलं होतं.

सुपारीचं_झाड | ९ डिसेंबर

@भटकभवानी, आणि त्या पाच दिवसांतले किती तास गाड्यांमध्ये आणि स्टेशनांवर गेले, तेही सांगा की.

@अर्धा_चहा, महिना उत्तम निवडलात. आम्ही मूर्खासारखे ऑगस्टमध्ये गेलो. पारा ४३. दुपारी दोन ते सात रस्त्यावर कुत्रंही नाही. सिएर्पेस नावाच्या बाजारपेठेच्या रस्त्यावर उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधोमध कापडी छतं ताणतात, लग्नाच्या मांडवासारखी. त्यांच्या सावलीतून सावलीत उड्या मारत चालायचं. बाकी सेविया आम्ही हॉटेलच्या एसीतूनच पाहिलं.

पायपीट | १० डिसेंबर

माद्रिदमध्ये नऊ वर्षं झाली, सेवियाच्या सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. जरा लांबण लावतो.

एक गाव, पाच दिवस. यात वेडेपणा काही नाही. सेविया स्वस्तात बघायचं तर पैशापेक्षा घड्याळ सांभाळावं लागतं. अल्काझार राजवाड्यात सोमवारी शेवटच्या वेळेला मोफत प्रवेश असतो, हिवाळ्यात दुपारी चार ते पाच. तोरे देल ओरो, म्हणजे नदीकाठचा सोन्याचा बुरूज, तोही सोमवारी मोफत. उलट चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. इंडीजचा दफ्तरखाना, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या कारभाराची जुनी कागदपत्रं, तर नेहमीच मोफत, पण सोमवारी तोही बंद. एक-दोन दिवसांत गाव उरकणाऱ्याला या वेळा जुळत नाहीत, मग तो सगळीकडे पूर्ण तिकीट काढत फिरतो. अल्काझारच्या मोफत जागा मोजक्याच असतात, त्या ऑनलाइन आधी धरायच्या, माणशी एक युरो आरक्षणाचा.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडीने अडीच तास. देशातली पहिली वेगवान रेल्वे याच मार्गावर १९९२ साली सुरू झाली, सेवियाला जागतिक प्रदर्शन होतं म्हणून. आता या मार्गावर एकाहून जास्त कंपन्या आहेत, त्यामुळे महिना-दीड महिना आधी काढलं तर पंचवीस-तीस युरोतही मिळून जातं. आदल्या दिवशी काढलंत तर तिप्पट. स्टेशनवर सामान स्कॅन करतात, अर्धा तास हातात ठेवा.

राहायला सांता क्रूझ गल्ल्यांच्या वाटेला जाऊ नका. दिसायला सुरेख, पण दर त्याच सुरेखपणाचे. नदीपलीकडे त्रियाना किंवा उत्तरेला आलामेदा, माकारेना. खोली घेताना दोन प्रश्न विचाराच: लिफ्ट आहे का, आणि हीटर आहे का. तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, फेब्रुवारीत रात्री आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी वाजते. कोणी सांगत नाही हे.

गुडघ्याची काळजी हिराल्दापुरती तरी सोडा. कॅथेड्रलचा तो उंच मनोरा मुळात बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. त्यात जिना नाही, उताराच्या ३५ फरसबंद चढणी आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तशा केल्या, असं सांगतात. अगदी शेवटी तेवढ्या थोड्या पायऱ्या. काकू आरामात चढतील.

कुळथाचं_पिठलं | १० डिसेंबर

पायपीटभाऊंनी गाव सांगितलं, मी पोट सांगते.

सेवियाची खासियत म्हणून जे मिरवतात ते चक्क शाकाहारी आहे. एस्पिनाकास कोन गारबान्सोस, पालक आणि काबुली चणे, त्यात जिरं! हे नाव पाठ करा. बाकी वांग्याच्या तळलेल्या कापांवर मध, पातातास ब्रावास म्हणजे तिखट सॉसमधले तळलेले बटाटे, पिस्तो म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या मिसळीच्या भाज्या, तव्यावर परतलेल्या हिरव्या मिरच्या. सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. तोर्तिया म्हणजे अंड्याचं आमलेट, काकूंसाठी बाद. क्रोकेता दिसायला आपल्या बटाट्याच्या कटलेटसारखी, आत बहुधा डुकराचं मांस. विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही.

तापास म्हणजे थोडे थोडे मागवून खायचे पदार्थ. ते ऑर्डर करताना मापही सांगायचं असतं: तापा छोटी, मेदिया रासिओन अर्धी, रासिओन पूर्ण. दोघींना तीन तापा आणि पाव पुरतो. ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट देतात, सेवियात नाही, तिथून आलेले लोक इथे बिल बघून चिडतात. पाणी मागताना ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणा, म्हणजे नळाचं. २०२२च्या कायद्याने ते फुकट द्यावं लागतं. नुसतं ‘आग्वा’ म्हटलंत की बाटली येते.

आणि जेवणाच्या वेळा! दुपारचं दोननंतर, रात्रीचं नऊच्या पुढे. साडेसातला जेवायला गेलात तर स्वयंपाकघर बंद.

अर्धा_चहा | १० डिसेंबर

आईला वाचून दाखवलं. रात्री नऊला जेवण ऐकून चेहरा उतरला, जिरं ऐकून परत फुलला. सोबत तुपातल्या दशम्या नेते म्हणतेय.

पायपीट | १० डिसेंबर

दशम्या तेलातल्या करा. तूप, खवा, पनीर असले दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे. चिवडा, मेतकूट खुशाल आणा. मेतकूट जास्त झालं तर माद्रिदमध्ये माझा पत्ता देईन :)

तिठा | ११ डिसेंबर

थोडं अवांतर. दफ्तरखान्याचा विषय निघालाच आहे तर तिथे अर्धा तास द्याच. १५०३ साली स्पेनने अमेरिकेच्या व्यापाराची कचेरी सेवियात काढली आणि पुढची दीडशेहून जास्त वर्षं तिकडून येणारा माल कायद्याने इथेच उतरायचा. समुद्र इथून चांगला ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब, जहाजं नदीतून वर यायची. ग्वादालकिवीर हे नावसुद्धा अरबी, अल-वादी अल-कबीर, मोठी नदी. पुढे नदी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी होत गेली आणि १७१७ साली कचेरी कादिसला हलली. मॅगेलनची जहाजं १५१९च्या ऑगस्टमध्ये इथूनच निघाली आणि १५२२ साली पृथ्वीला वळसा घालून परतलं एकच जहाज, त्यावर १८ माणसं.

बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी मंडळी अमेरिकेतली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली हे खरं, पण स्पेनचं दार हे गाव. मिरचीशिवाय ठेचा कशाचा केला असता, या विचारानेच मी त्या नदीला नमस्कार केला होता.

भटकभवानी | ११ डिसेंबर

बरं बाबा, हरले. पण कॉर्दोबा तरी एक दिवस करा, वेगवान गाडीने पाऊण तास. तिथल्या मशीद-कॅथेड्रलला सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ तिकीट नसतं. खांबांचं ते रान रिकामं बघायला मिळतं.

अर्धा_चहा | १२ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. गाडी आणि खोली पक्की केली. बार्सेलोना रद्द. टूरवाल्यांचा फोन घेत नाहीये. वृत्तांत येऊन टाकते.

---

अर्धा_चहा | २ मार्च

धागा वर काढतेय. आलो! धडधाकट आलो.

आधी हिशोब, कारण व्यक्तिगत निरोपांतून तोच विचारला जातोय. गाडी जाऊन-येऊन दोघींची १२४ युरो. त्रियानात खोली, पाच रात्री ३१०. खाणंपिणं २०७, त्यात दोनदा सुपरमार्केट. कॅथेड्रल २५. इतालिका बससकट १०. गावातली बस ८. अल्काझारला दोन वेळा मिळून ३३, हे दोनदा का ते पुढे सांगते. आईने घेतलेल्या फरशा २८. आणि एका काडीचे २. एकूण ७४७. तीन युरो उरले, त्याची स्टेशनवर कॉफी प्यायलो. कॉर्दोबा मात्र राहिलं, पहाटे उठून गाडी पकडायची माझी तयारी होती, आईची नव्हती.

काडीची गोष्ट. पहिल्याच दिवशी कॅथेड्रलच्या बाहेर एक बाई हसत पुढे आली आणि आईच्या हातात रोजमेरीची डहाळी दिली. आईला वाटलं देवळाबाहेर दूर्वा देतात तसं काही असेल, तिने कपाळाला लावून घेतली. तोवर बाईने तिचा तळहात उलटा करून भविष्य सुरू केलं होतं. स्पॅनिशमध्ये. आई मराठीत: ‘अगं बाई, माझं व्हायचं ते होऊन गेलंय, या मुलीचं बघ.’ बाईने दहा युरो मागितले. बरीच ओढाताण होऊन दोनावर मिटलं. तिथे जाणाऱ्यांनी हात खिशात ठेवूनच चालावं. डहाळी आईने पिशवीत घातली आणि पाचही दिवस खोलीत पाण्याच्या ग्लासात ठेवली, पैसे दिलेत म्हणून.

आता अल्काझार. सोमवार, चार वाजता, माणशी एक युरो. मी स्वतःवर भलतीच खूश. आत गेलो आणि वीस मिनिटांत कळलं की चूक झाली. चौदाव्या शतकात पेद्रो राजाने बांधून घेतलेला महाल, राजा ख्रिश्चन, कारागीर मुस्लिम घडणीचे, आणि भिंतींवर जिकडेतिकडे अरबी अक्षरं. दर्शनी भागावरच निळ्या-पांढऱ्या चौकोनी फरशांची एक पट्टी आहे. मला नक्षी वाटली. शेजारी उभा असलेला मोरोक्कोचा मुलगा म्हणाला ती अक्षरं आहेत, ‘अल्लाशिवाय विजेता नाही’ हेच पुन्हा पुन्हा लिहिलंय. ख्रिश्चन राजाच्या दारावर! आई त्या पट्टीसमोर मान वर करून उभी. एक शब्द तिने बोटाने हवेत गिरवून पाहिला, उजवीकडून डावीकडे. आणि मी मागून ‘चल, चल, पाच वाजता बाहेर काढतील.’ बागेत तर धावलोच. मोर दिसला तो शेपटीकडून.

खोलीवर आल्यावर आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बुधवारी पूर्ण तिकीट काढून सकाळी साडेनऊला पुन्हा गेलो आणि दीड वाजता बाहेर पडलो. तेव्हा पायपीटदादा, तुमचा सल्ला शंभर ठिकाणी बरोबर, पण अल्काझारला पैसे वाचवू नका. बाकी हवं तिथे वाचवा.

जेवणाचं. पहिल्या रात्री एका उपाहारगृहात साल्मोरेखो मागवलं, टोमॅटो आणि पावाचं गार, दाट सूप. ‘सिन खामोन, सिन वेवो’, म्हणजे हॅम नको, अंडं नको, असं दोनदा बजावलं. वेटर म्हणाला हो हो. आलं ते वर उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि गुलाबी तुकडे पसरून. परत दिलं, तर आत नेऊन वरचं चमच्याने काढून तीच वाटी पुन्हा आणली. कडेला गुलाबी पुरावा शिल्लक होता. आईने ती वाटी माझ्याकडे सरकवली, पिशवीतून दशमी काढली आणि नळाच्या पाण्याबरोबर शांतपणे खाल्ली. मीही लाजेने धड जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी फोनवर वाक्य लिहून दाखवायला लागले, ‘मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, वरून भुरभुरलेलंसुद्धा नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं.

भरपाई एल रिन्कोन्सियोमध्ये झाली. १६७० पासूनची खानावळ, कुळथाचं_पिठलं म्हणतात तो पालक इथेच खाल्ला. टेबलं मिळेनात, म्हणून काउंटरपाशी उभ्याने. ऑर्डर दिली की पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा आपल्यासमोरच्या लाकडी फळीवर खडूने आकडा लिहितात, पुढची प्लेट आली की त्याखाली दुसरा. शेवटी बेरीज मारतात, पैसे घेतात आणि ओल्या फडक्याने एका झटक्यात पुसून टाकतात. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिने बेरीज डोक्यात आधीच केली होती, आजोबांचा आकडा जुळल्यावर तिने मान डोलावली. त्यांनीही डोलावली. पाच दिवसांत आईने कोणाशी भाषेशिवाय इतकी मैत्री केली नाही.

मंगळवारी इतालिका. प्लासा दे आर्मासच्या बसस्थानकावरून अर्धा तास. इसवीसनपूर्व २०६ मध्ये वसलेलं रोमन गाव, ट्राजान सम्राट इथला. आपल्याला तिकीट दीड युरो. पंचवीस हजार माणसं बसतील एवढं अँफिथिएटर आणि त्यात त्या दिवशी आम्ही, एक शाळेची सहल आणि एक मांजर. पण सांगायचंय ते मोझेकबद्दल. एका घराच्या जमिनीवर गोलगोल चौकटींत सात चेहरे. फलक वाचून मी आईला सांगत होते, हे ग्रह, मधे शुक्र, भोवती बाकीचे. आई म्हणाली, ‘सातच? राहू-केतू नाहीत म्हणजे वार असणार.’ आणि खरंच, फलकावर पुढे तेच होतं, आठवड्याचे सात दिवस. मग ती कठड्याला टेकून बोटं मोडत बसली, हा रवी, हा सोम, हा मंगळ. शनीपर्यंत मोजून पुन्हा मंगळाकडे वळली आणि म्हणाली, आज मंगळवार, बघ याच्यावर ऊन आलंय. माझ्या मते ऊन गुरूवर होतं, पण म्हटलं असू दे.

बाकी भराभर. प्लासा दे एस्पान्याला रविवारी सकाळी गेलो, १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं अर्धवर्तुळ, प्रांतागणिक एकेक रंगीत फरशांचं बाक, ४८ बाकं, तिकीट नाही. कमानींखाली फ्लामेंकोवाले नाचत होते. नाचापेक्षा आईचं लक्ष टाळ्या वाजवणाऱ्या दोघांवर, एकाची टाळी दुसऱ्याच्या टाळीच्या फटीत बसत होती. पैसे घालून शो बघितला नाही, चुटपुट नाही. लाकडी छत्र्यांचं ते लास सेतास खालूनच पाहिलं, वर जायचं तिकीट मला जास्त वाटलं. त्रियानाच्या दुकानांतून आईने चार फरशा घेतल्या. पणजीला फोन्तेन्यासमध्ये घरांवर नावं असतात तशाच, असं तिचं म्हणणं. आज त्या तुळशीवृंदावनाला लागल्यासुद्धा.

हां, संत्री! रस्त्यारस्त्यावर झाडं लगडलेली, खाली सडा. कोणी उचलत नाही. आईला बघवेना. एक उचललं, सोललं, तोंडात टाकलं. चेहरा असा झाला की समोरच्या बाकावरचे दोन म्हातारे काठ्या आपटत हसले.

पायपीट | २ मार्च

अल्काझारचं मान्य, कान पकडतो. संत्री कडूच असतात, इंग्रज त्यांचा मुरंबा करतात. सेवियातला प्रत्येक पाहुणा एकदा तरी ते संत्रं चाखतो, म्हाताऱ्यांची तेवढीच करमणूक.

सुपारीचं_झाड | २ मार्च

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. हिराल्दाचं काय झालं? गुडघा?

अर्धा_चहा | ३ मार्च

अरे हो! चढली ना. प्रत्येक चढणीच्या कोपऱ्यावर आकडा लिहिलेला आहे, तो मोठ्याने म्हणत. अठराव्याला मी दम खायला थांबले, ही पुढे. खाली कोलंबसची शवपेटी चार पुतळ्यांच्या खांद्यावर आहे, त्याकडे बघून म्हणाली, ‘आपल्याकडे यायला निघाला होता ना हा? वाट चुकलेल्याचा एवढा थाट.’

आणि एक कोडं तिनेच सोडवलं. गटारांच्या झाकणांवर, बसवर, सगळीकडे ‘नो ८ दो’ असं चिन्ह. मी आठ नंबरचा विभाग समजत होते. ती म्हणाली हा आठ नाही, लोकरीची लडी आहे, पीळ बघ. रात्री शोधलं तर खरंच लडी! स्पॅनिशमध्ये लडीला मादेखा म्हणतात. नो-मादेखा-दो एका दमात म्हटलं की ‘तिने मला सोडलं नाही’ असं ऐकू येतं. गावाने संकटात साथ दिली म्हणून तेराव्या शतकातल्या आल्फोन्सो राजाने हे दिलं, अशी दंतकथा आहे.

तिठा | ३ मार्च

काकूंना स्वतंत्र आयडी काढून द्या. आम्ही तुमचे धागे वाचणं बंद करू.

कुळथाचं_पिठलं | ३ मार्च

+१. आणि काकूंसाठी पालक-चण्याची कृती: ऑलिव्ह तेलात लसूण आणि पावाचे दोन तुकडे लाल तळून घ्या. ते जिरं, मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घालून खलबत्त्यात कुटा. तेलातच पिमेंतोन, नसेल तर काश्मिरी मिरचीपूड. त्यात वाफवलेला पालक, शिजलेले चणे, मग कुटलेला पाव. दाटसर होऊ द्या.

अर्धा_चहा | ४ मार्च

केलं काल रात्री. आईचा निरोप: पाव ठीक, पण पुढच्या वेळी पावाऐवजी डाळीचं पीठ लावून, वरून लसणाची फोडणी देऊन करणार आहे.

तिठा | ४ मार्च

म्हणजे पालकाची पातळ भाजी.

अर्धा_चहा | ४ मार्च

तिला तसं सांगितलं. म्हणाली, ‘मग मी काय म्हणत होते!’